बाईसाहेब चारचौघांत जेवत नाहीत

चष्मेवाल्यांच्या घरात पालींसाठी दोन कायदे होते. पाल भिंतीवर दिसली की झाडू; काचेच्या पेटीत दिसली की "जेवल्या का?" हा उघड उघड पक्षपात होता, पण घरात तो कुणालाच खटकला नव्हता. भिंतीवरच्यांना खटकला असेल, पण त्या मत नोंदवायला थांबत नसत.

काचेतल्या पालीला बाईसाहेब म्हणत. लेक शाळेत असताना हट्टानं आणलेली ही पिवळी, ठिपकेदार पाल. लेक मोठी झाली, डोळे तपासायचं शिकली आणि बापाच्याच दुकानात पुढच्या खोलीत बसू लागली. बाईसाहेब तेवढ्या काळात त्याच पेटीत, त्याच खापराखाली म्हाताऱ्या झाल्या. चरबी साठवून गाजरासारखी झालेली शेपटी आता शेंगेसारखी झाली होती. कात टाकताना बोटांवर तुकडे अडकून राहायचे, म्हणून चष्मेवाले त्यांचे पाय कोमट पाण्यात बुडवून, ओल्या कापसानं एकेक बोट सोडवत. स्वतःच्या पायांची नखं त्यांनी इतक्या प्रेमानं कधी काढली नव्हती, असं बायकोचं म्हणणं. दोन्ही डोळ्यांवर दुधाळ पडदा आला होता. चष्मेवाल्याच्याच घरात असं व्हावं याची त्यांना थोडी लाज वाटे, पण एवढ्या लहान मापाची फ्रेम बाजारात नव्हती.

अलीकडे जबडाही सुजला. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "जिवंत अळी वळवळते, तोंडाला लागते. डोकं चेपून, मऊ करून चिमट्यानं तोंडापुढं धरा."

आणि तिथून तो चमत्कार सुरू झाला. चष्मेवाले घरात एकटे असले की बाईसाहेब अळी खात. घरातलं दुसरं कुणी पेटीपाशी उभं राहिलं की तोंड मिटून बसत.

"बाबा, तुम्ही म्हणता खाल्ली," लेक म्हणाली, "पण आमच्यासमोर एकदाही नाही. शेपटी तर बारीकच होतेय."

"मी खोटं बोलतो?"

"तसं नाही म्हणत."

"मग अळ्या मी खातो?"

"काही सांगता येत नाही," बायको आतून म्हणाली. "फ्रिजमधल्या डब्यातून कमी तर होतायत."

लेकीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. काचेतली गप्पच होती.

"चला, आत्ताच्या आत्ता दाखवतो," चष्मेवाले म्हणाले. त्यांनी कोपर पेटीच्या काठावर रोवलं, मनगट काचेला टेकवलं आणि चिमटा पुढं केला. चिमट्यातली अळी फोटो काढून घेत असल्यासारखी निश्चल. बाईसाहेबांनी एकदा मान वर केली आणि पुन्हा खापराखाली गेल्या.

"लाजतात," चष्मेवाले म्हणाले.

"आमच्याकडे लाजणारी एवढी एकच निघाली," बायको म्हणाली.

कोपर रोवून, मनगट टेकवून काम करायची चष्मेवाल्यांची ही पद्धत दुकानात सगळ्यांना ठाऊक होती. लोक तिला कसब समजत. खरी गोष्ट वेगळी होती. वर्षभर त्यांचा उजवा हात थरथरत होता. फार नाही, पण चष्म्याच्या काडीतला स्क्रू बसवताना तो नेमका जमिनीवर जाई, आणि मग ते आजकालच्या स्क्रूंना नावं ठेवत. पलीकडच्या घड्याळवाल्यांचा हात असाच थरथरायला लागला तेव्हा लेक म्हणाली होती, "अशा हातानं बारीक काम करूच नये, बाबा. वेळेवर घरी बसावं." ते वाक्य त्यांनी मुकाट्यानं गिळलं होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून मनगटाखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायला सुरुवात केली होती.

पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी बाईसाहेबांना तोलून पाहिलं आणि चेहरा गंभीर केला. "शनिवारी घेऊन या. माझ्यासमोर खाल्लं तर प्रश्नच नाही. नाही तर नळीनं घालावं लागेल, आणि या वयात नळी म्हणजे हालच. मग तिला त्रासातून मोकळं करायचं का, त्यावर बोलू."

येताना वाटेत पेटी मांडीवर घेतलेल्या चष्मेवाल्यांनी मनाशी ठरवलं, की शनिवारच्या आत या बाईंच्या संकोचाचं मूळ शोधायचं.

आयुष्यभर त्यांनी लोकांपुढं भिंगं बदलत "हे बरं की हे बरं?" असं विचारलं होतं. तीच रीत त्यांनी आता पालीला लावली. आधी पडदा ओढून पाहिला: फरक नाही. मग बायकोला लांबच्या खुर्चीत बसवलं.

"किती वेळ बसू?"

"तिला तुझी सवय होईपर्यंत."

"तुम्हाला तरी झालीय का अजून?"

बाईसाहेब हलल्या नाहीत. बायको कंटाळून भाजी आणायला गेल्यावर चष्मेवाल्यांनी स्वतःचा कोट त्या खुर्चीच्या पाठीवर चढवला आणि वर दुकानातली मोठ्या काचांची फ्रेम अडकवली. दुरून पाहिलं तर एखादा रागीट ग्राहक बसल्यासारखा वाटे. मग ते पेटीपाशी आले, चिमट्यात अळी धरली आणि हात पुढं केला. बाईसाहेबांनी मान उचलली, रोखून पाहिलं, शेपटीचं टोक हलवलं आणि गपकन अळी ओढून घेतली.

"रागीट ग्राहकापुढं खाल्ली!" चष्मेवाले स्वतःशीच म्हणाले. "म्हणजे माणूस ओळखतात."

त्यांनी दुसरी अळी धरली. तीही गेली.

"चला, एकदाच्या जेवल्या माझ्यासमोर!"

चष्मेवाले दचकले. बायको दारातच उभी होती, हातात भाजीची पिशवी.

"तू कधी आलीस?"

"पहिल्या अळीच्या आधी. पैशांचं पाकीट विसरले होते."

"आणि तुझ्यादेखत खाल्ली?"

"दोन्ही."

चष्मेवाले खुर्चीत बसले, कोटाच्या मांडीवरच. बाईसाहेबांना बायको चालत होती. लाज वगैरे काही नव्हती. मग मघाशी आणि आत्ता, यात बदललं काय? बायको तीच, पेटी तीच, अळीही त्याच डब्यातली. बदललं होतं एवढंच, की बायको बघतेय हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणजे फरक पालीत नव्हता. तो चिमट्याच्या या टोकाला होता.

ते आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. एकटे असताना ते कोपर टेकवत नसत. कशाला टेकवायचं, बघायला कोण होतं? हात हवेत असायचा, चिमटा थरथरायचा आणि मेलेली अळी जिवंत व्हायची. अधू नजरेला स्थिर वस्तू दिसत नाही, हललेली दिसते, हे त्यांनी किती म्हाताऱ्यांना समजावलं होतं! आणि माणसं आली की हेच शहाणे मनगट टेकवून अळीचा पुतळा करत आणि पालीला लाजरी ठरवत.

"कळलं वाटतं," बायको म्हणाली.

"काय कळलं?"

"वर्षभर तुमचा कप बशीवर वाजतोय माझ्या कानाशी. मी बहिरी नाही. म्हटलं, सांगाल तेव्हा सांगाल."

"पोरीला बोललीस?"

"ते तुमचं तुम्ही बोला."

शनिवारपर्यंत चष्मेवाले काही बोलले नाहीत. लेक दवाखान्यात सोबत आली. डॉक्टरीणबाईंनी बाईसाहेबांना टेबलावर टॉवेलवर ठेवलं आणि लेकीच्या हातात चिमटा दिला. लेकीचा हात भक्कम. अळी जागच्या जागी. बाईसाहेब ढिम्म. मग चष्मेवाल्यांनी चिमटा घेतला, आणि इतकं सगळं कळूनसुद्धा त्यांचं कोपर आपलं आपण टेबलावर जाऊन बसलं. वर्षभराची सवय ती. शिवाय लेक अगदी खांद्याशी उभी होती.

बाईसाहेबांनी डोळे मिटले.

"असू दे, काका," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या आणि खणातून बारीक नळी काढली.

चष्मेवाल्यांनी नळीकडे पाहिलं. मग टेबलावरून कोपर उचललं. मनगट उचललं. हात हवेत एकटा राहिला आणि त्याला जे करायचं होतं ते करू लागला. चिमट्याची टोकं एकमेकांवर टिकटिक वाजली. बाईसाहेबांचा एक डोळा उघडला. मान पुढं आली, शेपटीचं टोक हललं, आणि गपकन.

नळी तशीच हातात धरून डॉक्टरीणबाई हसल्या. "अरे वा! आणखी एक द्या."

चष्मेवाल्यांनी आणखी एक दिली. लेक पालीकडे बघत नव्हती.

"कधीपासून, बाबा?"

"आधी तिला खाऊ दे."

"बाबा."

"झालं वर्ष."

"म्हणजे ते स्क्रू..."

"स्क्रू चांगले आहेत," चष्मेवाले म्हणाले. वर्षभर ज्यांची बदनामी केली, त्यांची त्यांनी एवढ्या शब्दांत भरपाई केली.

डॉक्टरीणबाईंनी गंमत म्हणून स्वतः चिमटा हलवून पाहिला. बाईसाहेब मागं सरकल्या. लेकीनं हलवला, तर खापर शोधू लागल्या.

"नक्कल चालत नाही त्यांना," चष्मेवाले म्हणाले, आणि वर्षात पहिल्यांदाच त्या हाताचा त्यांना किंचित अभिमान वाटला.

परतताना लेकीनं सगळं ठरवून टाकलं. स्क्रू आणि बारीक काम ती करील. फ्रेम नाकावर बसवणं आणि ग्राहकांना बोलण्यात गुंतवणं बाबांनी करायचं. आणि हाताच्या डॉक्टरकडे सोमवारीच जायचं. "घरी बसा" मात्र ती म्हणाली नाही. चष्मेवाले ते वाक्य येईल म्हणून कोपऱ्याकोपऱ्यावर थांबून वाट बघत होते.

हाताच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की घाबरण्यासारखं नाही, आणि गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की हात बराचसा थांबेल. चष्मेवाल्यांनी बाटली आणून पेटीशेजारी ठेवली आणि उघडली नाही.

"आता काय मुहूर्त बघताय?" बायकोनं विचारलं.

"हात थांबला तर हिला भरवणार कोण?"

तेव्हापासून रोज दुकान बंद झाल्यावर लेकीची शिकवणी सुरू झाली. पेटीपाशी ती चिमटा धरून उभी राही आणि चष्मेवाले मागून दोष काढत.

"हे थरथरणं नाही, हे पीठ चाळणं झालं. पळाली बघ."

"मग कसं करू?"

"मनगटातून नको. खांदा सैल सोड."

"सोडला."

"आता हात हलवूच नकोस. उलट, अजिबात हलता कामा नये, कुणाला दिसता कामा नये, असं जीव तोडून ठरव. बापसुद्धा मागं उभा आहे."

लेकीनं ओठ दाबले आणि श्वास धरला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग अवघडलेल्या बोटांत कुठूनसं काहीतरी आलं, आणि चिमट्याच्या टोकावरची अळी जेमतेम हलली.

खापराखालून एक दुधाळ डोळा वर झाला.

"हलू नकोस," चष्मेवाले कुजबुजले. "म्हणजे, हल."

गपकन आवाज आला. बायकोनं स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला आणला, नवऱ्याच्या हातात दिला आणि गोळ्यांच्या बाटलीचं झाकण फिरवलं.