हात केला की थांबायचं

मी नाडा बोलतोय. पायजम्याचा नव्हे, विहिरीवरच्या मोटेचा. एका टोकाला बैलांचं जू, दुसऱ्या टोकाला पाण्याने भरलेली मोट आणि मधे ताणलेला मी. शेवगावच्या शिवारात काकासाहेबांच्या विहिरीवर माझी उमर गेली. आज मात्र मी त्यांच्या काळ्या मोटारीच्या डिकीत वेटोळं करून पडलोय. विहिरीवरून इथे कसा आलो, ते ऐका.

मला वळलं आसारामने. घायपाताच्या पानांतला वाख, म्हणजे धागा, काढायचा, वाळवायचा आणि पिळावर पीळ देत बसायचं, हे त्याचं काम. काम झाल्यावर तो हात पुढे करायचा नाही. सुगीला खळ्यावर यायचा, आपल्या वाट्याचा जोंधळा घेऊन जायचा आणि मग वर्षभर कधीही कुठलाही दोर तुटला की हातातला घास टाकून धावत यायचा. हेच त्याचं बलुतं. लोहाराचं तसं, सुताराचं तसं. त्यात कुणाला काही नवल वाटत नसे.

पुढे विहिरीवर इंजिन आलं. काकासाहेबांची शेवगावच्या बाजारात अडत होती, चार नव्या गोष्टी घरात याव्यात अशी त्यांना भारी आवड. इंजिनाने भकभक करत पाणी ओढलं आणि माझी नोकरी गेली. मोटेच्या चामड्याच्या चपला झाल्या. माझेही तुकडे करून गुरांना दावी करायचं ठरत होतं, पण काकासाहेबांची बायको केशरबाई आडवी आली.

"असू द्या. एवढा दणकट दोर कापता व्हय? कवा तरी कामाला यील."

तिच्या त्या एका वाक्यावर मी जगलो. म्हणून तिच्याबद्दल बोलताना माझा पीळ जरा सैल होतो.

केशरबाईला छातीचा आजार होता. मधेच श्वास पुरेनासा व्हायचा, ओठ काळेनिळे पडायचे. नगरच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, असं झालं की वाट बघू नका, तडक इकडे आणा. ते ऐकून काकासाहेबांनी मोटार घेतली. गावाला वाटलं, शेठने हौस केली. पण त्या जुन्या गाडीत हौस नव्हती, भीती होती. आणि गाडी दारात उभी राहिली तशी दुसरी भीती आली. रस्त्यात बंद पडली तर?

हा विषय अडतीवर कितीतरी दिवस चघळला गेला. शेवटी काकासाहेबांपुढे दोन वाटा उरल्या. मोठ्या शहरात एक मोटार-संस्था होती. तिचं सभासद झालं की गाडीच्या तोंडावर लावायला चकचकीत बिल्ला मिळायचा, एक पुस्तिका मिळायची आणि गाडी अडली की टेलिफोन करायचा, माणूस येणार. दुसरी वाट होती तिसगावच्या चांदभाईची. चांदभाई मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे लिंबाखालचा एक पत्रा. तो एका बाजारच्या दिवशी स्वतः अडतीवर आला.

"काकासाहेब, नगरच्या रस्त्यावर कुठं बी गाडी अडली तर मला निरोप धाडा. हाय तसा येतो. सुगीला एक पोतं जोंधळा द्या, बस."

"म्हणजे मोटारीला बलुतेदार?" काकासाहेब हसले. "अरे, जग कुठं चाललंय, चांदभाई!"

बसलेले सगळे हसले. चांदभाईही हसला, पण चहा अर्धा टाकून उठला. मला ते हसणं आवडलं नाही. दोराला कोण विचारतो म्हणा!

तर बिल्ला आला. उन्हात असा लखलखायचा की गावातली पोरं त्यात तोंड बघायची. केशरबाईने मात्र गुपचूप मला झटकून डिकीत ठेवलं. "बैलं कुठल्या बी गावात मिळतील. दोर आपला पायजे," ती म्हणाली. पुढे बिल्ला, मागे अंधारात मी. अशी आमची जोडी नगरच्या वाऱ्या करू लागली.

मग बहात्तर साल आलं आणि पाऊस आलाच नाही. विहिरींचे तळ उघडे पडले. ज्या इंजिनाने मला घरी बसवलं ते कोरडं खोकून बंद झालं. मला त्याचा मुळीच आनंद झाला नाही. जनावरं चाऱ्याच्या छावणीत गेली आणि माणसं रस्त्यावर आली, दुष्काळी कामावर. तिसगाव ते करंजी रस्त्याच्या कडेला बायाबापड्या दिवसभर खडी फोडत बसलेल्या असायच्या. गाडी जाताना घणांचा आवाज मला पत्र्यातून ऐकू यायचा.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला, भर दुपारी, केशरबाईचा श्वास अडला. काकासाहेबांनी गाडी काढली. तिसगाव मागे पडलं आणि थोड्याच वेळात गाडीने दोन आचके दिले, थांबली ती थांबलीच. इंजिनाला पेट्रोल पोचेना.

काकासाहेबांनी पुस्तिका उघडली. त्यात टेलिफोनचा नंबर होता, पण टेलिफोन मागे तिसगावात. तो लागला तरी माणूस नगरहून निघणार. त्या संस्थेची माणसं वाईट नव्हती, ती आलीही असती. पण केशरबाईचा श्वास तेवढा पुरणार नव्हता. एस.टी. नुकतीच निघून गेली होती. काकासाहेबांनी डिकी उघडली, मला हातात घेतलं आणि रस्त्याकडे बघत राहिले. दोर होता, बैल नव्हते.

खडीच्या ढिगाऱ्यावरून एक बाई उठली. मनकर्णा तिचं नाव. तिने आत डोकावून केशरबाईकडे पाहिलं आणि मागे वळून नवऱ्याला हाक मारली, "आवं, या हिकडं! समदी या!"

"बैलं कुठून आणायची?" काकासाहेबांनी मला पुढे करून विचारलं.

"बैलं न्हाईत तर न्हाईत. आमी हाय की."

मुकादम हजेरी कापीन म्हणून ओरडला. कुणी मागे पाहिलं नाही. भिमाजीने, मनकर्णाच्या नवऱ्याने, मला गाडीला बांधलं. गाडी फिरवली, कारण मिस्त्री मागे तिसगावात होता. मग दोन्ही अंगांनी हात लागले. मी जन्मभर बैलांची ओढ सोसली, पण माणसांची ओढ निराळी. बैल हिसका देतो. ही माणसं एकमेकांकडे बघत ओढत होती. खडीने फुटलेल्या हातांचं रक्त माझ्या वाखात मुरलं, ते अजून आहे.

चांदभाईने गाडी ओढत येताना पाहिली आणि दुसऱ्या ट्रकखालून तसाच बाहेर आला. बिल्ल्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. ट्रकवाला कुरकुरत होता, त्याला म्हणाला, "थांब जरा, मानूस हाय आत." त्याने इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप उघडला, त्यातला फाटलेला रबरी पडदा बदलला, तोंडाने पेट्रोल ओढून थुंकला आणि गाडी सुरू झाली. त्या दिवशी केशरबाई वाचली.

नगरहून बरी होऊन परतताना तिने गाडी खडीपाशी थांबवायला लावली. काकासाहेबांनी खिशात हात घातला.

"ते ऱ्हाऊ द्या, शेठ," मनकर्णा म्हणाली. "आमच्याबी मानसावर येळ येती. आमी हात केला की थांबायचं. येवढंच करा."

काकासाहेबांचा हात खिशातच राहिला. गाडी त्यांनी एका माणसासाठी घेतली होती. आतून केशरबाईचा थकलेला आवाज आला, "थांबू, बाई. माजा शब्द हाय."

तिसगावात काकासाहेब चांदभाईपुढे मान खाली घालून उभे राहिले. म्हणाले, "यंदा खळंच नाही. जोंधळा कुठून देऊ?"

"सुगी कवा तरी यीलच की. तोवर गाडी अडायची थांबनार हाय व्हय?" चांदभाई म्हणाला आणि सौदा झाला.

मे महिन्यात पुन्हा तोच रस्ता, पुन्हा श्वासाची तीच घरघर, पण यावेळी जास्त. केशरबाई मागच्या सीटवर लोडाला टेकून बसलेली. गाडी भरधाव. आणि समोर, खडीच्या ढिगाऱ्यापाशी, मनकर्णाचा हात वर गेला. तिच्या पायाशी भिमाजी पडला होता. ऊन लागून तो बेशुद्ध झाला होता.

गाडीचा वेग कमी झाला नाही.

"आज नको," काकासाहेब पुटपुटले. "देवा, आज नको."

केशरबाईला बोलता येत नव्हतं. तिने पुढे झुकून नवऱ्याच्या खांद्यावर हात आपटला. पुन्हा आपटला. बांगड्यांचा आवाज मी ऐकला. मग ब्रेक लागला आणि मी डिकीत पुढे आदळलो.

भिमाजीला पुढच्या सीटवर घेतलं. मनकर्णा मागे बसली आणि सबंध घाटभर केशरबाईला छातीशी टेकवून, ताठ धरून बसली. "श्वास घ्या, आक्का. घ्या. अजून एक," एवढंच ती बोलत होती. नगर आलं.

भिमाजी दुसऱ्या दिवशी उठून बसला आणि ती दोघं एस.टी.ने परत गेली. केशरबाईने तिसऱ्या दिवशी पहाटे प्राण सोडला.

त्या थांबण्याने काही बिघडलं का? डॉक्टर म्हणाले, नाही. काकासाहेबांनी त्यांना पुन्हा विचारलं, दवाखान्याच्या दारात जाऊन परत फिरले आणि अजून एकदा विचारलं. डॉक्टर दर वेळी नाहीच म्हणाले. मला वाटतं, काकासाहेबांना ते उत्तर हवं होतं आणि उत्तराने काही होत नव्हतं.

केशरबाईला घेऊन आम्ही निघालो. मागे तिची बहीण मांडीवर तिचं डोकं घेऊन बसलेली. करंजी घाट उतरला. खडीची रांग आली तसे घणांचे आवाज एकेक करून थांबत गेले. त्या दिवशी कुणी हात केला नाही. तरी गाडी थांबली.

इंजिन धडधाकट होतं. काकासाहेबांनीच किल्ली फिरवून ते बंद केलं आणि स्टिअरिंगच्या चाकावर डोकं टेकलं. ज्या जागी त्यांनी ब्रेक लावायला उशीर केला होता, तीच ती जागा. पुढे जायचं त्यांच्यात बळच उरलं नव्हतं.

मनकर्णा आली. तिने डिकी उघडली, मला बाहेर काढलं आणि भिमाजीच्या हातात दिलं. त्याने मला बिल्ल्याच्या खाली, पुढच्या आकड्याला बांधलं. माणसं जमली. स्टिअरिंगमागे काकासाहेब नुसते बसलेले, आणि चालती गाडी ती माणसं तिसगावपर्यंत ओढत घेऊन गेली. मुकादमही ओढत होता. माझा एक पीळ तिथे तुटला. तुटताना दुखलं नाही.

चांदभाईने हात धुतले, काकासाहेबांना बाजूच्या सीटवर बसवलं आणि गाडी शेवगावला आणली. केशरबाईच्या मातीला उभा राहून तो उशिरा तिसगावला चालत गेला.

या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. पाऊस आला. पहिल्या सुगीचं पहिलं पोतं तिसगावला गेलं. बिल्ल्यावर गंज चढलाय, पण काकासाहेबांनी तो काढला नाही आणि नवा मागवलाही नाही. चांदभाई म्हणतो, आता नायलॉनचा दोर घ्या, हा एखाद्या दिवशी दगा देईल. तो खरं बोलतोय. काकासाहेब नुसती मान हलवतात आणि मला पुन्हा डिकीत ठेवतात.

वाचणाऱ्या बाबांनो, तुम्हीही कधी गाडी घ्याल. बिल्ला लावा, दोर ठेवा, मिस्त्री बघून ठेवा. पण एकदा खाली उतरून त्या रस्त्याकडेला कोण बसलंय तेही बघा. ओळख करून घ्या. आणि शब्द द्याल तर तो नेमका नको त्या दिवशी पाळावा लागतो, हे ध्यानात असू द्या.

गाडी हळू होतेय. कुणीतरी हात केलेला दिसतोय. आता डिकी उघडेल, एखादं बोचकं आत येईल. मला जरा कोपऱ्यात सरकायला हवं.