फौजीच्या गळ्यातला मीटर

मी एक मीटर बोलतोय. वीज तपासणारा, काट्याचा. घराच्या दारावर बसून युनिटं मोजतो तो माझा थोरला चुलतभाऊ. त्याचा रुबाब वेगळा, त्याला दर महिन्याला माणूस भेटायला येतो. मी हातात मावणारा. मला दोन तारा आहेत, एक तांबडी, एक काळी. त्यांची टोकं कुठे टेकवली की माझा काटा सांगतो, इथे वीज आहे की नाही. आयुष्यभर मी एवढंच सांगत आलो.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईनं काटा बसवला, दुसरीनं काच लावली, शेवटचीनं काचेवर नखानं टिचकी मारली. काटा थरथरला आणि शून्यावर येऊन थांबला. "चल, हा पास," ती म्हणाली आणि शेजारणीला आपल्या जावेचं राहिलेलं गाऱ्हाणं सांगायला लागली. पास होणं इतकं सोपं असतं, असा माझा तेव्हा समज झाला.

मला विकत घेतलं एका सैनिकानं. तो फौजेत विजेचं काम करायचा. सरकारी मीटर होते, पण दहा हातांतून फिरून ते मिळायचे, म्हणून त्यानं पदरमोड करून मला आणलं. पट्टा शिवून गळ्यात अडकवलं. ट्रेलरवरचे जनरेटर, मैदानभर अंथरलेल्या केबली, तंबूतला दवाखाना, असा आमचा संसार. आज इथे, उद्या तिथे. चिखल, धूळ, थंडी सगळं मी त्याच्या छातीवरूनच पाहिलं.

तिथे एक रीत होती. लाइनवर जाणारा माणूस मेन स्विचपाशी उभ्या असलेल्या जोडीदाराला ओरडून सांगायचा, "आत चाललो!" जोडीदार स्विच पाडायचा आणि तितक्याच मोठ्यानं म्हणायचा, "आत गेला!" मग तो तिथून हलायचा नाही. काम झालं की आत गेलेल्यानं स्वतः परत यायचं, जोडीदाराच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "बाहेर आलो." त्यानंतरच वीज. दुसऱ्याच्या तोंडचा निरोप चालायचा नाही.

एकदा केबल दुरुस्त करायला माझा मालक आत गेला होता आणि तिकडे मोठ्या साहेबांच्या तंबूत पाहुणे जेवायला बसले होते. सगळीकडे अंधार. साहेबांचा माणूस धावत आला. "साहेब म्हणतात, लाइट टाका." स्विचपाशी आमचा उस्ताद होता, माझ्या मालकाला काम शिकवणारा. तो म्हणाला, "साहेबांना सांग, पाहुणे तुमचे आहेत, आत गेलेला माझा आहे. तो आला की टाकतो." पाहुण्यांनी चाचपडत जेवण उरकलं. साहेब उस्तादाला एक शब्दही बोलले नाहीत. माझ्या मालकानं मात्र ते आतून ऐकलं होतं. त्याच्या छातीवर मी होतो, मला कळलं.

मग नोकरीची मुदत संपली. हत्यारं जमा झाली, गणवेश ट्रंकेत गेला. मी त्याच्या मालकीचा, म्हणून त्याच्याबरोबर घरी आलो. घरी लोक विचारत, "कसं वाटतंय बाहेर?" तो म्हणे, "बरं." खोटं बोलत नव्हता. त्याला काहीच वाटत नव्हतं, आणि त्याला दुसरा शब्द सापडत नव्हता.

पहिली नोकरी विजेच्या सामानाच्या दुकानात. तिथे त्यानं गिऱ्हाइकाला सांगितलं, "ही वायर घेऊ नका, तापेल." दुसरी एका ठेकेदाराकडे. ठेकेदार म्हणाला, "तू काम चांगलं करतोस, पण तुझं काम संपेपर्यंत माझी दाढी पांढरी होईल." तिसरी नोकरी लागली एका उंच इमारतीत, देखभालीची. सहा महिने बघणार, मग कायम करणार. पहिल्या दिवशी डबा देताना बायको म्हणाली, "अहो, या वेळी टिका. तुमच्यासाठी म्हणते. रोज भिंतीकडे बघत बसता, ते मला बघवत नाही."

इमारतीत सगळे त्याला फौजी म्हणायला लागले. लिफ्टचं काम करणारा मेकॅनिक होता, सतत शीळ घालायचा म्हणून त्याचं नाव बुलबुल. बुलबुलनं पहिल्यांदा फौजेतली ती रीत ऐकली तेव्हा पोट धरून हसला. "आत चाललो, बाहेर आलो! फौजी, मी संडासला जातानाही सांगत जाऊ का?"

"लाइनवर जाशील तेव्हा सांग," फौजी म्हणाला.

एका दुपारी लिफ्ट अडकली. बुलबुल वरच्या मजल्यावरून लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरला. फौजीनं तळमजल्यावर मेन स्विच पाडून वीज बंद केली आणि पॅनलपाशी उभा राहिला. वर काम लवकर झालं. तेवढ्यात बुलबुलला मेहुण्याचा फोन आला. त्यानं इमारतीच्या मॅनेजरला "झालं" म्हणून कळवलं आणि मागच्या जिन्यानं तो थेट घरी निघून गेला.

मॅनेजरचा फोन आला. "टाक रे मेन, लिफ्ट चालू कर."

"बुलबुल आला नाही, साहेब."

"त्याचा फोन आला मला!"

"मला नाही आला."

बुलबुलचा फोन लागेना. लोक जिने चढायला लागले. भाजीच्या पिशव्या घेऊन एक आजी मधल्या पायरीवरच बसल्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला आपले गुडघे दाखवू लागल्या. एक गृहस्थ धापा टाकत म्हणाले, "काय हो, शत्रू कोणत्या मजल्यावर आहे?" शेवटी मॅनेजर स्वतः आला. त्यानं रखवालदाराकडून दार उघडवून शाफ्टमध्ये बॅटरी मारली. "बघ! कुत्रंसुद्धा नाही आत!"

"त्याला सांगू द्या, साहेब," फौजी म्हणाला. आवाज चढला नाही, हात मेनच्या हँडलवरून निघाला नाही.

अखेर रखवालदार स्कूटरवरून बुलबुलला घेऊन आला. पायात घरातल्या सपाता, एका गालावर साबण. अर्धी इमारत बघायला जमली होती. बुलबुलनं नाटकी पावलं टाकत येऊन फौजीच्या खांद्यावर हात ठेवला. "बाहेर आलो, माझ्या राजा!" हशा पिकला. टाळ्यासुद्धा पडल्या. फौजीनं मेन टाकला.

मॅनेजर हसला नाही. "पुढच्या वेळी माझा फोन म्हणजे माझा फोन. जमत नसेल तर आत्ताच सांग."

घरी बायकोनं विचारलं, "आत कोणी नाही, हे तुम्हाला दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

"मग?"

"त्यानं सांगितलं नव्हतं."

तिनं ताट वाढलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाली, "इथे कोणी सांगत नाही हो. माणसं काम संपवतात आणि जातात. त्यात वाईट काही नसतं." त्यानं मान हलवली. जेवला. भिंतीकडे बघत बसला.

माणसांची घाई मला कधी समजली नाही. एका माणसानं दुसऱ्याला दोन शब्द सांगायला असा किती वेळ लागतो? त्याहून जास्त वेळ त्या दुपारी लोकांनी टाळ्या वाजवण्यात घालवला. पण मीटरला कोण विचारतो!

पुढे पुन्हा तसंच काम निघालं. बुलबुल शाफ्टमध्ये, फौजी खाली, मेन बंद. फोन वाजला. "टाक." फौजीनं वर बघून हाक मारली, "बुलबुल!" उत्तर नाही. फोनमधून पुन्हा आवाज आला, "टाकतोस ना?" मी त्याच्या छातीवर होतो. मला वाटलं, आता इथे काहीतरी धडधडेल. काही धडधडलं नाही. त्यानं हँडल वर केलं.

काहीही झालं नाही. लिफ्ट गुणगुणत वर गेली. बुलबुल केव्हाच बाहेर पडून टपरीवर चहा पीत होता.

मॅनेजरनं त्या आठवड्यात त्याला कायम केलं. वर वीज तपासायचा कंपनीचा नवा पेन दिला, चालू तारेजवळ नुसता नेला की लुकलुकतो. बायकोला आनंद झाला. तिनं शेजारी-पाजारी सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं."

मग एकदा चहा पिताना बुलबुलनं त्याला कोपरानं ढोसलं. "काय फौजी, सुधारलात! त्या दिवशी मला न विचारता टाकलंत."

"तू बाहेर होतास."

"हो, होतो. पण तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"साहेबांचा फोन आला होता."

"साहेब तर घरी होते, मी त्यांना कळवलंही नव्हतं..." बुलबुल बोलता बोलता थांबला. हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. त्यानं फौजीकडे बघितलं. फौजी चहा पीत होता. "फौजी, तुम्ही विचारत जा हो," तो हळूच म्हणाला.

"बरं," फौजी म्हणाला.

आता मी पिशवीच्या तळाशी असतो, पक्कड आणि चिकटपट्टीच्या खाली. माझी तक्रार नाही. तुम्ही इतका वेळ ऐकलंत, तर आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. माझा काटा शून्यावर असला की त्याचे दोन अर्थ होतात. समोरची तार मेलेली असते, नाहीतर माझ्याच आतली एखादी तार तुटलेली असते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून जाणता माणूस आधी मला चालू तारेला लावून बघतो. तिथे काटा हलला, तरच माझ्या शून्यावर विश्वास ठेवतो.

या माणसाला सगळे विचारतात, "बरं आहे ना?" तो "बरं" म्हणतो, आणि सगळे त्यावर विश्वास ठेवून पुढे जातात. कोणी थांबत नाही. त्याच्याजवळ बसा. त्याच्या उस्तादाचं नाव काढा. त्याच्याशी भांडा, हवं तर. कुठेतरी काटा हलतो का, ते बघा.

पण लवकर बघा. उद्या शेजारच्या लिफ्टचं काम आहे. बुलबुल आत जाणार आहे, आणि फोन साहेबांचाच येणार आहे.