कुंडीमागची किल्ली

मी किल्लीची पेटी बोलतेय. जरा हळू बोलते. पालिकेच्या बाई येऊन गेल्यापासून धसकाच घेतलाय.

मूठभर लोखंड आणि पोटावर चार आकडे, एवढाच माझा जीव. सासूबाईंनी कर्ज काढून हा दुसरा फ्लॅट घेतला आणि मला दाराशेजारी ठोकलं. पाहुणे आकडे जुळवायचे, किल्ली घ्यायचे, दोन दिवस राहून जायचे. आकडे विसरले की शिव्या मला! पण हप्ता त्यांच्याच जिवावर फिटत होता.

मग नियम आला: स्वतः राहता ते घर सोडून दुसरं घर असं चार दिवसांच्या भाड्यानं द्यायचं नाही. पकडलं तर फ्लॅटला सील.

पालिका तपासणीला येणार असं कळलं, तशा सासूबाई मुलाला म्हणाल्या, "तुम्ही दोघं तिथं राहता असं दाखवू. चार कपडे वाळत घातले की झालं घर!"

नव्या सुनेनं मान डोलावली. लग्न झाल्यापासून ती आणि नवरा सासरच्या हॉलमध्ये, फ्रिजच्या घरघरीत झोपत होते. इथं खरंच राहायला मिळावं असं तिला फार वाटे. बोलली मात्र नाही. तपासणीच्या सकाळी तिनंच माझ्यापुढे कुंडी टांगली. पानांआडून मी श्वास रोखून पाहत होते.

बाई जिना चढून आल्या. तिघंही स्वागताला दाराबाहेर.

"या मॅडम, घर आपलंच समजा!" नवरा म्हणाला. पाहुण्यांची सवय, दुसरं काय.

तेवढ्यात वाऱ्यानं मागे दार धाडकन लागलं.

"उघडा की," बाई म्हणाल्या.

नवऱ्यानं खिसे चाचपले. निघाला रुमाल. राहत्या घराची किल्ली तिघांपैकी एकाकडेही नव्हती. ती माझ्या पोटात होती.

"अगं, तुझ्याकडे असेल ना?" सासूबाईंनी डोळे वटारले. कुंडीला हात लावशील तर बघ, असे.

सुनेनं कुंडी बाजूला केली. आकडे फिरवून किल्ली काढली.

"अच्छा," बाई म्हणाल्या. "राहता म्हणे इथं?"

"नाही राहत. पण राहायचंय. आजपासून."

"आणि हप्ता गं?" सासूबाईंना राहवेना.

"आमच्या पगारांतून भरू, आई. फिरणं कमी करू. तसंही कुठं गेलोय!"

नवरा खोकला. मग हळूच म्हणाला, "भरू, आई."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "आज सील लावत नाही. पण न सांगता परत येईन. तेव्हा किल्ली कुठून निघते ते बघते."

आल्याही. किल्ली सुनेच्या पर्समधून निघाली, कांद्यांच्या पिशवीत अडकून.

मग नवरा मला उखडायला पक्कड घेऊन आला. माझं धाबं दणाणलं.

"असू दे रे," ती म्हणाली. "आई आल्या आणि आपण नसलो तर?"

काल सासूबाई आल्या. "माझ्याच घराला मला आकडे!" असं पुटपुटत त्यांनी मला उघडलं. जाताना किल्ली ठेवली आणि कुंडीला पाणी घातलं.

तर बॅगा ओढत येणाऱ्या मंडळींनो, माझे आकडे आता विचारू नका. जागा नाही. इथं माणसं राहतात.