वरचा थर

मी एक लोखंडाची प्लेट बोलतेय. तसं बघाल तर मी मूळची एक नव्हे, दोन. किनाऱ्यावरच्या एका गोदीत आम्हा दोघी बहिणींना एकाच पत्र्यातून कापलं आणि शहादेवने वेल्डिंग करून पुन्हा एक केलं. आज मी चौसाळ्यात, हायवेलगतच्या वर्कशॉपात, जॅकखाली पडून आहे. इथून समुद्र किती लांब ते तुम्हीच बघा.

शहादेव हा मुंजाजीचा मुलगा. बापलेक उसाच्या ट्रॉल्या बांधतात. मुंजाजीच्या ट्रॉलीचा सांधा सुटला असं पंचक्रोशीत कुणी ऐकलेलं नाही. कारण सांधा भरून झाला की तो वर आणखी एक थर देतोच. "धा टनाच्या ट्रॉलीत आपले लोक पंधरा टन भरतेत. एक थर जास्त दिला तर कुणी मरत न्हाई," असं तो म्हणायचा. शहादेवच्या हातात ते मुरलं होतं.

मग गोदीची जाहिरात आली. गोदीवाल्यांनी आजवर परदेशातली जुनी जहाजं घेऊन माल वाहिला, आता आपली जहाजं आपणच बांधायची म्हणून गोदी वाढवणार होते. चाळीस वेल्डर हवे होते. हाताने काम करणाऱ्यांची ही शेवटची भरती, पुढे यंत्रं बसणार. वयाची अट तिशीची आणि शहादेव एकोणतीस पुरा केलेला. आपल्या हातचं काहीतरी उसाच्या फडापलीकडे जावं, एवढंच त्याला लहानपणापासून वाटायचं.

परीक्षेला मी दोन तुकड्यांत त्याच्या पुढ्यात आले. काय सांगू, काय हात त्या गड्याचा! मुळापासून भरत आला, कुठे पोकळी नाही, कुठे कचरा नाही. वरची पातळीही बरोबर आली. तिथं थांबायचं होतं रे बाबा! तोंड असतं तर मी जीव तोडून ओरडले असते. पण घरच्या सवयीने त्याने वर आणखी एक थर चढवला.

तपासणाऱ्या साहेबांनी माप टेकवलं. "सांध्याचा फुगवटा तीन मिलिमीटर चालतो. हा पाच आहे. नापास."

"साहेब, जास्तीच हाय की! मजबुतीसाठी दिला."

साहेब काही वाईट माणूस नव्हता. "अरे, जहाज लाटेवर वाकतं. फुगीर सांध्याच्या कडेलाच तडा जातो. ही ट्रॉली नाही."

"घासून बरोबर करू का?"

"शेवटच्या थराला ग्राइंडर लावायचा नाही. नियम आहे."

बाहेरून नापास, म्हणून मला एक्स-रेला नेलंच नाही. मी आतून किती एकसंध आहे ते कुणाला कळलंच नाही. शहादेवने साहेबांना विचारून मला पिशवीत घातलं.

सकाळच्या एसटीने तो चौसाळ्याला उतरला. मुंजाजी अजून यायचा होता. शहादेवने शटर उघडलं, ग्राइंडर लावला आणि माझा वरचा थर घासून काढला. आता कशाला रे, असं मला वाटलं. मग कळलं. तो थर बापाच्या नजरेला पडू नये, एवढ्यासाठीच.

मुंजाजी आला. पोरगा नापास झाल्याचं कळताच मला उचलून त्याने सांध्यावरून अंगठा फिरवला.

"वरचा थर कुठं हाय? कावून दिला न्हाईस बे? वीस वर्षं घसा कोरडा केला म्या!"

"चुकलो, आण्णा. इसरलो."

"इसरलो म्हणं! एका थरापायी जहाज घालवलंस लेका!" त्याने मला कोपऱ्यात भिरकावलं. जरा वेळाने डोळे पुसत म्हणाला, "तुझी न्हाई, माझीच चूक हाय. म्याच शिकवायला कमी पडलो."

शहादेवने मला कोपऱ्यातून उचलून जॅकखाली टेकू म्हणून सारलं.

तेव्हापासून मुंजाजी ट्रॉलीला दोन थर जास्त देतो, आणि शहादेव मुकाट्याने इलेक्ट्रोड हातात देतो. मी जॅकखाली आहे. माझ्या सांध्याचा फुगवटा आता बरोबर तीन मिलिमीटरचा आहे. या रस्त्याने कुणी जाणकार गेलात तर मला उचला, मोजा, आणि शहादेवला एकदा तरी पास म्हणा. फक्त मुंजाजी चहाला गेल्यावर म्हणा.