दोन रिकाम्या बाइटांची कैफियत

मी एका प्रोग्रॅममधली दोन बाइटांची, म्हणजे जेमतेम दोन इंग्रजी अक्षरं मावतील एवढी, रिकामी जागा बोलतेय. हसू नका. रिकामी असले तरी बिनकामाची नाही, हे सांगून सांगून माझा घसा कोरडा पडला असता. पण मला घसाच नाही.

रुग्णाच्या खाटेशेजारी एक छोटं यंत्र असतं. नाडीचे ठोके वॉर्डातल्या सिस्टरांच्या टेबलावर पाठवायचे, एवढंच त्याचं काम. त्याच्या नेटवर्कचा ड्रायव्हर, म्हणजे निरोपांची ने-आण सांभाळणारा प्रोग्रॅम, एका मॅडमनी लिहिला. टेबलाकडून पोचपावती वगैरे घेऊन आत येणाऱ्या प्रत्येक निरोपाला चौदा बाइटांचं पाकीट असतं, त्यामागे खरा मजकूर. यंत्रातला प्रोसेसर मात्र भलता हट्टी. मजकूर चारच्या पटीतल्या जागेवर सुरू झाला तरच उचलणार. चौदाला चारने भाग जात नाही, म्हणून मॅडमनी पाकिटाच्या आधी मला बसवलं. चौदा आणि दोन सोळा. तीन वर्षं आमचा संसार सुरळीत चालला.

मग मॅडमच्या ऑफिसात झाडू आले. दुसऱ्यांनी लिहिलेलं साफ करायची त्यांना भारी हौस, म्हणून सगळे त्यांना झाडूच म्हणत. मला बघून ते म्हणाले, "ही जागा कशाला अडवून ठेवलीय? इथे कोणी काही लिहीत नाही, वाचत नाही." आणि मला काढून टाकलं. त्यांच्या टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर सगळं झकास चाललं, कारण तो कुठूनही मजकूर निमूट उचलतो.

प्रोग्रॅमची ही नवी प्रत चढवलेली वॉर्डातली यंत्रं मात्र पहिल्याच निरोपाला ठप्प. पुन्हा चालू केली, पुन्हा ठप्प.

"माझ्याकडे तर चालतंय," चार दिवस झाडूंचं हेच पालुपद. वायरी बदलून झाल्या. सिस्टरांनीच काहीतरी दाबलं असेल, असंही बोलून झालं. तशा सिस्टर फोनवर कडाडल्या, "अहो, बारा खाटा आहेत! हाताने नाड्या बघत फिरतेय मी. एका टोकाला असताना दुसऱ्या टोकाला कोणाचं काही झालं तर?"

मी जुन्या प्रतीत पडून सगळं ऐकत होते. नुसता संताप संताप होत होता.

पाचव्या दिवशी मॅडमनी जुनी आणि नवी प्रत शेजारी लावली आणि कपाळावर हात मारला.

"अहो, ही का काढलीत?"

"रिकामी होती. कशासाठी आहे ते कुठे लिहिलं होतंत तुम्ही?"

खरंच लिहिलं नव्हतं. एवढं तर सगळ्यांना माहीत असतं, असं मॅडमना वाटलं होतं.

मी परत आले, यंत्रं सुरू झाली. मॅडमनी माझ्याशेजारी लिहिलं, "ही जागा काढू नका." तेवढ्यात साहेबांनी हाक मारली. "कारण नंतर लिहिते," म्हणत त्या उठल्या. महिन्याभरात त्यांनी नोकरी बदलली. कारण राहिलं ते राहिलंच.

आता एक नवे गृहस्थ आलेत. मघापासून त्या ओळीकडे बघताहेत. "काढू नका? का बरं?" असं पुटपुटत त्यांनी मला सिलेक्ट केलंय.

अहो, बोट आवरा. आधी वॉर्डात फोन लावा. आज तिथे एकही खाट रिकामी नाही.