आकड्यातून न गेलेलं सूत

आई कोसळली त्याच्या आदल्या दिवशी आमचं वाजलं, तेही एका पडद्यावरून. मी घरासाठी पडदे शिवून घेतले होते आणि मोठ्या हौसेने एक तिला दाखवायला नेला होता. तिने कापड खिडकीच्या उजेडात धरलं, दोन बोटांत चोळलं आणि नाक मुरडलं.

"कुणी गळ्यात मारलं हे?"

"मला आवडलं म्हणून घेतलं."

"सूत बघ जरा. इथे जाड, इथे बारीक. कातणारीने उभ्या उभ्या डुलक्या काढल्यात."

"आई, पडदा आहे. लावायचा आणि विसरून जायचं."

"तुझं सगळं असंच. नवरा तरी अधूनमधून आठवतो ना?" म्हणाली आणि स्वतःच हसत चहा टाकायला गेली.

त्या भांडणातला माझा एकही शब्द बाहेर ऐकू गेला नसेल. आईचा जन्म सूतगिरणीत गेला, आणि साच्यांच्या, म्हणजे सूत कातायच्या मशीनच्या, घरघरीत तिचे कान गेले. तिथे सगळ्या बायका एकमेकींच्या ओठांवरून बोलणं ओळखत, आणि आईने तीच रीत घरी आणली. समोर उभं राहायचं, तोंड नीट हलवायचं. आवाज काढायची गरज नव्हती. पाहुण्यांना वाटायचं, मायलेकींचा अबोला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीचा फोन आला. आई ओट्यापाशी पडलेली सापडली होती. मेंदूत रक्तस्राव झाला होता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करण्यात अर्थ नाही, तिला त्रास होणार नाही एवढं बघू. मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

तिचे डोळे मिटलेले होते. डावी बाजू पूर्ण गेली होती. उजवा हात मात्र चालू होता. तो चादरीवर खाली जायचा, चिमटीत काहीतरी धरायचा, वर यायचा, हवेत एका जागी अलगद टेकायचा आणि पुन्हा खाली. नर्सला वाटलं, नळ्या ओढतेय.

"ताई, हात बांधावा लागेल."

"नको. मी धरून बसते."

मी धरला की ती हिसका देऊन सोडवून घ्यायची. कपाळाला आठी, श्वास जोरात. सोडला की पुन्हा तेच. कुठे दुखतंय का, काही हवंय का, काही कळायला मार्ग नव्हता.

दुपारी भोंगा मावशी आली. शेजारच्या साच्यावर आईबरोबर तिची उभी हयात गेली होती. तिचेही कान गेलेले, पण आईचा आवाज हळू झाला आणि हिचा चढला, म्हणून हे नाव.

"का गं बाई? गिरणीने सगळ्यांना घरी बसवलं तरी तुझी पाळी संपेना?" ती दारातूनच म्हणाली. वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. मग तिने आईच्या हाताकडे पाहिलं आणि गप्प झाली. मावशीला गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"सांधतेय," ती म्हणाली.

मी तिच्यापुढे जाऊन ओठ हलवले, "काय?"

"तुटलेलं सूत. खाली चातीवर बाबीण फिरते, सुताचं रीळ, तिचं टोक घ्यायचं, वर न्यायचं, रुळाखालून कापूस येतो त्याला टेकवायचं. चिकटलं की सुटलो."

आईने मला कधी गिरणीतल्या तिच्या खात्यात नेलं नाही. तिथे तुझं काय काम, तू वाच, म्हणायची. म्हणून माझ्या डोळ्यांसमोर ती सकाळपासून सूत सांधत होती आणि मला दिसत नव्हतं.

"मग थांबत का नाही?"

मावशी वाकून बघत राहिली. "आकडा विसरतेय," ती म्हणाली, आणि हा आवाज मात्र अगदी खाली आला होता. "मध्ये तारेचा आकडा असतो, डुकराच्या शेपटीसारखा. सूत त्यातूनच जायला पाहिजे. नाहीतर ते मोकाट फिरतं, शेजारच्या सुताला चाटतं, तुटतं. ही थेट रुळाला नेतेय. त्यामुळे तुटतंय, आणि पुन्हा सांधतेय." तिने पदराने डोळे टिपले. "आम्हा सगळ्यांचे आकडे ही बोटाने चाचपून बघायची गं. वाकडा दिसला की जॉबरला, आमच्या मुकादमाला, भंडावून सोडायची."

"आपण काही करू शकतो का?"

"बोट वाकव. धर तिथे, हाताच्या वाटेत."

मी तर्जनी वाकवून आईच्या हाताच्या वर धरली. तिचा हात वर आला आणि बोटाच्या बाजूने निघून गेला. मी बोट सरकवलं. हात दुसऱ्या बाजूने गेला. मावशी सांगत होती, "डावीकडे घे, थोडं खाली," आणि मी घेत होते. एकदा तिची चिमटी माझ्या बोटाला घासून गेली. पण सूत आतून नाही गेलं.

"मशीन बंद झालं म्हणून सांगते तिला," मावशी म्हणाली. तिने दोन्ही हातांनी गिरणीतल्या बायकांची खूण केली, तळहात एकमेकांवर आडवे फिरवून. मिटलेल्या डोळ्यांपुढे तिने ती खूण पुन्हा पुन्हा केली. मग हात खाली घेतले, आईच्या केसांवरून फिरवले आणि बाहेर जाऊन बसली.

मी बोट तसंच धरून राहिले. हात आता सावकाश वर येत होता, अर्ध्यावर थांबत होता. मी सवयीने ओठ हलवू लागले आणि लक्षात आलं, वाचायला कुणी नाही.

लहानपणी आई दुपारपाळीला निघाली की मी एकटी घरात राहायची. बाहेरून कडी लावण्याआधी ती हनुवटी वर करून विचारायची, काय? मी मान हलवायची, काही नाही. तिच्या चेहऱ्यावरचा ताण सुटायचा, म्हणून रोज हलवायची.

मी तिच्या कानाशी वाकले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, घोगरा आणि फार मोठा. नर्सने वळून पाहिलं.

"आई, मला एकटीला भीती वाटते."