मुंगी कुठे थांबते

बायको जाऊन महिना व्हायच्या आत सर शाळेत हजर झाले. लोकांना वाटलं, माणूस खंबीर आहे. तसं काही नव्हतं. घरी खुर्चीत बसून राहायचं ते शाळेत खुर्चीत बसायचं, एवढाच फरक. शाळेत निदान घंटा तरी व्हायची आणि उठावं लागायचं.

नवरा-बायको दोघंही त्याच शाळेत गाणं शिकवायचे. सर वरच्या मजल्यावर मोठ्या मुलांना, बाई खाली पहिली ते चौथीला. जाताना बरोबर, येताना बरोबर, आणि मधल्या सुट्टीत एकाच डब्यातून खाणं. आता खालचा मजला रिकामा पडला होता.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना बोलावून घेतलं.

"नवीन बाई मिळेपर्यंत खालचे तास तुम्हीच घ्या, सर. मला सांगायला जड जातंय, पण दुसरं आहे कोण?"

"घेतो."

"आणि महिनाअखेरीला पालकांसमोरचा कार्यक्रम. दरवर्षीसारखं एक गाणं चारही वर्गांनी मिळून म्हणायचं. बाईंचं मुंगीचंच घेऊ या. सगळ्यांना येतं."

"पहिलीला येत नाही. पहिलीला शिकवायचं राहिलं तिचं."

मोठ्या बाईंनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. "मग तुम्ही शिकवा," त्या म्हणाल्या.

मुंगीचं गाणं बाईंनी स्वतः रचलेलं होतं, नोकरीला लागल्या त्या वर्षी. शब्द साधेच.

मुंगी निघाली दूरच्या गावी,
डोईवर घेऊन साखरदाणा,
चढण चढली, उतार उतरली,
तरी न सांडला साखरदाणा.

शेवटच्या दोन ओळी एका दमात म्हणायच्या, हीच त्यातली गंमत होती. चाल चढत जायची आणि मध्ये कुठेही न टेकता खाली यायची. "लहान पोरांना एवढा दम पुरत नाही," असं सर तेव्हा म्हणाले होते. "अहो, मुंगी थांबते का कुठे?" असं म्हणून बाईंनी त्यांना उडवून लावलं होतं. दरवर्षी पहिलीत हे गाणं त्या शिकवायच्या. पुढच्या वर्गांत पुढची गाणी.

खालची खोली सरांना अंगाला सदरा घट्ट व्हावा तशी झाली. बाकं गुडघ्याएवढी, फळा हाताशी, खिडकीच्या कडेला मुलांनी लावलेले चिकटपट्टीचे तुकडे. पेटीसमोरच्या स्टुलावर बाईंची उशी होती. सरांनी ती उचलून कपाटावर ठेवली आणि बसले.

पहिला तास दुसरीचा. सरांनी सूर दिला, मुलांनी गाणं उचललं. बरं म्हणत होती. आणि "चढण चढली" म्हणून झाल्यावर सगळा वर्ग थांबला. खांदे वर करून सगळ्यांनी मोठा श्वास घेतला, आणि मग "उतार उतरली".

"पुन्हा."

पुन्हा तिथेच.

"मध्येच का थांबता?"

पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. शिक्षकांच्या खोलीत तिला वकीलबाई म्हणायचे, कारण ती कुणाचं काही ऐकून घेत नसे.

"थांबावंच लागतं, सर."

"कुणी सांगितलं?"

"बाईंनी. मुंगी चढण चढून आली ना? मग ती दमते. दम खाते आणि मग उतरते. तुम्हाला माहीत नाही?"

"नाही," सर म्हणाले.

मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. गाण्याच्या सरांना गाणं माहीत नाही, ही मोठीच मजा होती.

सरांना त्या क्षणी एवढंच वाटलं, की चालीचा विचका होतो इथे. मागच्या वर्षी आजारपण सुरू झालं असेल, तेव्हा शिकवलं असेल. डॉक्टरांनी विचारलं होतं, दम कधीपासून लागतो? सर म्हणाले होते, आत्ताच, सुट्टीनंतर. डॉक्टर म्हणाले होते, बरंच आधीपासून असणार. सरांनी ठासून सांगितलं होतं, मी घरातलाच माणूस आहे, मला कळलं नसतं का?

पुढचा तास तिसरीचा. तिसरीही तिथेच थांबली. तसेच खांदे वर, तसाच श्वास.

सरांचे हात पेटीवर तसेच राहिले. तिसरीची ही मुलं पहिलीत होती त्याला दोन वर्षं झाली होती. गाणं ती तेव्हा शिकली होती.

शेवटी चौथी आली. चौथीने शेवटच्या दोन ओळी कुठेही न टेकता एका दमात म्हटल्या, जशा रचल्या होत्या तशा. चौथीच्या मुलांना शिकवलं आणि तिसरीच्या मुलांना शिकवलं, त्या दोन्हींच्या मध्ये कधीतरी त्यांच्या बायकोचा श्वास अपुरा पडायला लागला होता. दुसरी-तिसरीच्या सगळ्या पोरांना ते ठाऊक होतं. त्यांना मुंगी ठाऊक होती, एवढंच.

घरी आल्यावर इमारतीचा जिना चढताना सर दुसऱ्या मजल्यावर थांबले. इथे ती नेहमी थांबायची. "अहो, बघा ना, समोरच्यांनी पडदे बदलले." कधी पडदे, कधी कुणाची कुंडी, कधी खाली सायकल नीट लावली का ते बघा. सरांना वाटायचं, बाईमाणूस, नसत्या चौकशा. "चल लवकर," म्हणून ते पुढे जायचे. आता त्यांनी समोर पाहिलं. पडदे जुनेच होते.

संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, जेवलात?"

"हो." जेवले नव्हते. "तुझ्या आईला दम कधीपासून लागत होता?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"मला म्हणाली होती, वजन वाढलंय गं. माझ्या बाळंतपणाला आली होती तेव्हा. तुम्हाला सांगू नको म्हणाली. उगाच घर डोक्यावर घेतील म्हणाली."

मुलीचं बाळ आता पळायला लागलं होतं.

"बाबा? रागावलात?"

"नाही गं. कपडे काढायचेत दोरीवरचे. ठेवतो."

सरांना वाटलं, आता रडू येईल, नाहीतर राग तरी येईल. काही आलं नाही. कपडे काढले, घड्या घातल्या, दूध तापत ठेवलं. ते उतू गेलं. ओटा पुसला.

चारही वर्गांना सभागृहात एकत्र उभं केलं त्या दिवशी व्हायचं तेच झालं. पहिलीला शिकवायचं सरांनी अजून टाळलं होतं, ती नुसती तोंड उघडून बघत होती. चौथी सरळ पुढे गेली, दुसरी-तिसरी थांबली, आणि गाणं दोन तुकडे होऊन पडलं.

"ए, दुसरीला दम लागला!" चौथीतला एक जण ओरडला.

"आम्हाला नाही, मुंगीला लागला!" वकीलबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तुमची मुंगीच खोटी आहे!"

मोठ्या बाई दारातून पाहत होत्या. "सर, एक काय ते ठरवा. थांबायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नाही. असा बाजार नको."

"उद्या सांगतो," सर म्हणाले.

ठरवायचं एवढंच होतं, आणि ते दुसऱ्या कुणावर ढकलता येत नव्हतं. थांबा ठेवला, तर दरवर्षीची पहिली त्यांच्या बायकोचं आजारपण पाठ करणार. काढला, तर बायकोने शेवटी शेवटी जे शिकवलं ते स्वतःच्या हाताने पुसायचं. त्यातलं काय वाईट, हे सरांना कळेना. दोन्ही सारखंच वाटत होतं, कारण काहीच वाटत नव्हतं. शेवटी त्यांनी शिक्षकाला जे करता येतं ते केलं. चाल मोडते ती जागा दुरुस्त करायची.

तिसरीने थांबणं एका तासात सोडलं. मुलं इतक्या पटकन विसरतात, हे सरांनी बघितलं. मग दुसरी आली.

"आता मुंगी थांबणार नाही," सर म्हणाले. "एका दमात म्हणायचं."

म्हटलं. पण दुसरीची मुलं ती, शेवटच्या शब्दापर्यंत पोचताना निम्म्यांचे आवाज बसले. एक बारका मुलगा तोंड लाल करून नुसताच ओठ हलवत होता.

"म्हणजे आता मुंगी दमत नाही?" वकीलबाईने विचारलं.

"दमते."

"मग थांबत का नाही?"

"थांबते. पण दाखवत नाही कुणाला."

"हे काय! मग कळणार कसं?"

  बाहेर कुणीतरी मैदानात बादली ओढत नेत होतं, तिचा आवाज येत राहिला.

मग सर उठले. वरच्या मजल्यावर मोठ्या मुलांना लांब ओळ कशी म्हणायची ते त्यांनी कितीतरी वर्षं शिकवलं होतं, पण लहानांना कधी लागेल असं वाटलं नव्हतं.

"जोड्या करा. शेजारी शेजारी उभे राहा. ओळ सगळ्यांनी मिळून न्यायची. ज्याला दम लागेल त्याने थांबायचं, श्वास घ्यायचा आणि हळूच परत यायचं. तोवर शेजारच्याने म्हणत राहायचं. म्हणजे दोघांनी एकदम नाही थांबायचं."

"पण शेजारच्याला कळणार कसं, हा थांबला ते?" वकीलबाईने सोडलं नाही.

"कळायला पाहिजे."

"नाही कळलं तर?"

"मग कोपराने ढोसायचं. सांगायचं, मी थांबतेय, तू म्हण."

"आणि ढोसलंच नाही तर?"

  "म्हणून आधीच सांगून ठेवतोय," सर म्हणाले, पण आवाज नीट आला नाही, आणि पहिल्या बाकावरच्या मुलांनी एकमेकांकडे बघितलं. "ढोसायचंच. लाजायचं नाही. चला."

मुलांना हे फारच आवडलं. पहिल्या वेळी गाणं कमी आणि कोपरं जास्त झाली. पाचव्या-सहाव्या वेळी ओळ सलग गेली. कुठे कोण थांबलं ते सरांना पेटीवर बसून कळलं नाही, पण पोरांच्या कोपरांवरून दिसत होतं. मग त्यांनी तेच तिसरीला शिकवलं, चौथीला शिकवलं, आणि पहिलीला गाणं शिकवायला बसले तेव्हा आधी कोपर शिकवलं आणि मग शब्द.

कार्यक्रम ठीक झाला. पालकांनी टाळ्या वाजवल्या, फोन वर धरले. सरांनी पेटी वाजवली आणि सगळं संपल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण गाणं ऐकलंच नाही, नुसती मुलांची कोपरं बघत होतो.

खुर्च्या उचलायचं चाललं होतं तेव्हा मोठ्या बाई आल्या.

"छान झालं, सर. एकसंध झालं. पण ही पोरं मध्येच एकमेकांना ढोसत काय होती? पालक हसत होते."

"शिकवलंय तसं."

"ढोसायला शिकवलंय?"

"हो."

 या दिवसांत माणसाला फार विचारू नये, असं ठरवल्यासारख्या मोठ्या बाई म्हणाल्या, "बरं. नवीन बाई मिळाल्यात. सोमवारी येतील. तुमची सुटका झाली."

"त्यांना मला भेटवा," सर म्हणाले. "गाणं देण्याआधी कोपराचं सांगायचंय."

त्यांनी पेटीचा भाता दाबून बंद केला, खटका लावला आणि ती उचलायला शिपायाला हाक मारली. एकट्याने उचलली असती, पण मध्ये जिना होता.